दोन ग्रंथांमधला विद्यार्थी

१९३५ साली कैरोतील सलफिया छापखान्यातून एक अरबी पुस्तक प्रसिद्ध झाले. छापखान्याच्या नावातच त्याची भूमिका होती. इस्लामच्या आद्य पिढ्यांकडे परत जावे, मधल्या काळात साचलेले बाजूला सारावे, असे मानणाऱ्या वर्तुळाचा तो छापखाना. पुस्तक मात्र इस्लामविषयीचे नव्हते. ते होते कन्फ्यूशियसचे ‘लुन यू’, म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यातील संवादांचा प्राचीन चिनी संग्रह. चिनीतून थेट अरबीत भाषांतर करणारा गृहस्थ तिशीच्या आतला विद्यार्थी होता. चिनी नाव मा जिएन, अरबी नाव मुहम्मद मकीन अस्-सीनी. ‘अस्-सीनी’ म्हणजे ‘चिनी’.

या विद्यार्थ्याविषयी लिहावे असे आम्हांला वाटले, त्याचे कारण आमच्या वर्गात आहे. भाषांतर शिकवताना ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ या दोनच खुंट्यांना सारे अडकवायची सवय आपल्याला लागली आहे. भाषांतर म्हणजे इंग्रजीतून मराठीत किंवा मराठीतून इंग्रजीत, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते आणि खरे सांगायचे तर आमचीही बराच काळ तशीच होती. इस्लाम म्हटले की अरबस्तान, चीन म्हटले की कन्फ्यूशियस, फार तर माओ. या दोन जगांचे एकमेकांशी काही बोलणे झाले असेल आणि त्यात युरोप मध्यस्थ नसेल, ही शक्यता आपल्या नकाशात बसत नाही. मा जिएन त्या नकाशाला छेद देतो.

पण तो आकाशातून पडलेला नव्हता. त्याच्या मागे निदान साडेतीनशे वर्षांची एक अभ्यासपरंपरा उभी होती. आधी तिच्याकडे पाहिले पाहिजे.

चीनमध्ये मुसलमान तांग काळापासून आहेत. युआन काळात मंगोल सत्तेबरोबर मध्य आशिया आणि इराणमधून आलेल्यांची संख्या वाढली. मिंग काळापर्यंत त्यांचे वंशज भाषेने चिनी झाले. आज ज्यांना हुई म्हणतात ते हे लोक, संख्येने एक कोटीहून अधिक. भाषा बदलली की धर्मग्रंथ दुरावतो, हा अनुभव जगभराचा आहे. घरात चिनी बोलणाऱ्या मुलाला अरबी प्रार्थना पाठ असे, पण तिचा अर्थ कळत नसे. सोळाव्या शतकात शान्सी प्रांतातील हू डंगझोउ (१५२२-१५९७) या शिक्षकाने यावर उपाय शोधला. मशिदीला जोडून ग्रंथशाळा सुरू करायची, विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचा भार वस्तीने उचलायचा आणि अरबी-फारसी ग्रंथ चिनीतून समजावून सांगायचे.

या शाळांच्या अभ्यासक्रमात व्याकरण, धर्मशास्त्र आणि कुराणावरील भाष्य यांच्या जोडीला सूफी ग्रंथ होते, आणि सादीचे ‘गुलिस्तान’ही होते. जे फारसी पुस्तक हिंदुस्थानातल्या मुन्शींच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी घोकले, तेच शान्सीतला मुलगा चिनी उच्चारांत घोकत होता. या मुलांच्या बोलीत प्रार्थनेला ‘नमाज’, देवाला ‘खुदा’ आणि गुरूला ‘आखुंद’ हेच फारसी शब्द चिनी वळणाने रुळले. कित्येक जण चिनी भाषा अरबी लिपीत लिहीत. या लिपीला ‘शिआओजिंग’ म्हणतात. मोडी आणि बाळबोध यांच्या वादात वाढलेल्या आपल्याला लिपी हे केवळ साधन नसते, हे वेगळे सांगायला नको.

या शाळांमधून दोन प्रकारची माणसे निघाली. पहिल्या प्रकारच्यांना मशिदीच्या अंगणात समाधान होते. दुसऱ्या प्रकारच्यांना अंगणाच्या भिंतीपलीकडचे चिनी विद्वानांचे जग खुणावत होते. त्या जगात नाव असायचे ते कन्फ्यूशियसचे ग्रंथ वाचलेल्याला. १६४२ साली वांग दाइयू याने इस्लामी तत्त्वज्ञानावर चिनी साहित्यिक भाषेत ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर अशा लेखनाची एक मालिकाच सुरू झाली. तिचे शिखर म्हणजे नानजिंगचा लिऊ झी.

लिऊ झीने आपल्या अभ्यासाचा हिशेब स्वतःच लिहून ठेवला आहे. आठ वर्षे कन्फ्यूशियसप्रणीत ग्रंथ, सहा वर्षे इस्लामी ग्रंथ, तीन वर्षे बौद्ध, एक वर्ष ताओपंथी. त्यानंतर पाश्चात्यांची १३७ पुस्तके. पोटापाण्याचे काही करत नाही म्हणून नातेवाईक त्याला अपशकुनी समजत, हेही तो नोंदवतो. (संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी आजही हा संवाद होत असावा.) या अभ्यासातून १७०४ साली तत्त्वज्ञानावरचा ‘तिआनफांग शिंगली’ आणि १७१० साली आचारधर्मावरचा ‘तिआनफांग दिएनली’ असे ग्रंथ निघाले. ‘तिआनफांग’ म्हणजे काबा, अरबस्तान. ‘शिंगली’ मात्र नवकन्फ्यूशियस पंथाची संज्ञा. स्वभाव आणि तत्त्व असा तिचा अर्थ. शीर्षकातच दोन जगांची गाठ मारलेली आहे.

लिऊ झीची पद्धत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इस्लामच्या पाच आधारस्तंभांना तो ‘पाच साधना’ म्हणतो आणि त्यांच्या शेजारी ‘पाच नाती’ ठेवतो: पती-पत्नी, पिता-पुत्र, राजा-प्रजा, भाऊ-भाऊ आणि मित्र-मित्र. ही पाच नाती शुद्ध कन्फ्यूशियसची. पहिल्या पाचांनी ईश्वराकडे जाणारी वाट पूर्ण होते, दुसऱ्या पाचांनी माणसांमधली. दोन्ही मिळून धर्म. चिनी वाचकाला यात परके काही वाटत नाही, आणि मुसलमान वाचकाला आपले काही गमावल्यासारखे वाटत नाही. क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. लिऊ झी सुरुवात पती-पत्नीपासून करतो, राजापासून नव्हे. सृष्टीत जोडी आधी, सत्ता नंतर. उसनी घेतलेली चौकटही तो जशीच्या तशी ठेवत नाही.

आमच्यातल्या मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकवणाऱ्यांना इथे श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवल्याशिवाय राहत नाहीत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, वांग दाइयूच्याच आगेमागे, ‘योगसंग्राम’सारख्या ग्रंथात एक मुसलमान संत ओवीच्या छंदात आणि योगाच्या परिभाषेत बोलत होता. या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि त्यांची प्रेरणाही एक नव्हती. पण आपल्या भाषेतील सर्वांत प्रतिष्ठित परिभाषा घेऊन तिच्यातून आपला अनुभव सांगावा, ही गरज सारखीच होती. ‘समन्वय’ हा शब्द आपण अशा ठिकाणी फार घाईने वापरतो. समन्वय म्हणजे दोन्हींचे थोडे थोडे सोडून मधोमध गाठ घालणे, असा त्याचा ध्वनी आहे. लिऊ झी काही सोडत नाही. तो एका भाषेत दुसरा विचार करून पाहतो, आणि तसे करताना ती भाषाच थोडी ताणली जाते.

ही वाट सुखाची नव्हती. एकोणिसाव्या शतकात युन्नानमधील मा देशिन (१७९४-१८७४) हा विद्वान १८४१ साली मक्केला निघाला. ब्रह्मदेश आणि कलकत्ता या मार्गाने तो गेला, कैरो-इस्तंबूलपर्यंत फिरला आणि आठेक वर्षांनी परतला. लिऊ झीच्या ग्रंथांचे त्याने पुन्हा संपादन केले. पुढे युन्नानमध्ये मुसलमानांचे मोठे बंड झाले (१८५६-१८७३). मा देशिनने सरकार आणि बंडखोर यांच्यात तडजोड घडवून आणण्याचा प्रयत्न केला, आणि बंड मोडल्यावर सरकारने त्याला ठार केले. दोन्ही बाजूंची भाषा येणाऱ्याला दोन्ही बाजूंचा संशय सोसावा लागतो.

मा जिएनचा जन्म १९०६ साली याच युन्नानमधल्या शादिएन या गावी झाला. शिक्षण कुनमिंगच्या चिनी-अरबी शाळेत, काही काळ वायव्येकडील एका नामांकित आखुंदाकडे आणि नंतर शांघायमधल्या इस्लामी अध्यापक विद्यालयात झाले. काळ बदलला होता. राजेशाही १९१२ साली संपली होती, शाळा नव्या पद्धतीच्या झाल्या होत्या, आणि चिनी मुसलमानांमधील सुधारकांपुढे नवा प्रश्न होता. लिऊ झीला सम्राटाच्या दरबारी विद्वानांना पटवायचे होते. यांना प्रजासत्ताकाच्या नागरिकांना पटवायचे होते की आम्ही मुसलमान आहोत आणि चिनीही आहोत.

१९३१ च्या अखेरीस चार विद्यार्थी आणि एक प्रमुख अशी पहिली तुकडी कैरोच्या अल-अझर विद्यापीठाकडे निघाली. मा जिएन तिच्यात होता. त्याच वर्षी सप्टेंबरात जपानने मांचुरियावर आक्रमण केले होते. म्हणजे मागे जळते घर आणि पुढे दहाव्या शतकात स्थापन झालेली ज्ञानशाळा, अशी ही यात्रा होती. पुढच्या सात-आठ वर्षांत आणखी तुकड्या आल्या आणि या चिनी विद्यार्थ्यांची संख्या तीसच्या वर गेली.

अझरमधल्या या मुलांनी नेमके काय पाहिले? घरी ज्या अरबीचा एकेक शब्द आखुंदाच्या तोंडून जपून घेतला, ती इथे बाजारात घासाघीस करायला वापरली जात होती. पवित्र भाषा ही कुणाची तरी रोजची भाषाही असते, हा शोध विद्यार्थ्याला मोकळे करतो आणि थोडे पोरकेही करतो. दुसरे म्हणजे, ज्याला ते मूळ आणि अचल इस्लाम समजत होते, तोच कैरोत वादाचा विषय होता. मुहम्मद अब्दुहू (१८४९-१९०५) यांनी बुद्धी आणि श्रद्धा यांच्या मेळाची मांडणी केली होती, आणि अझरच्या भिंतींच्या आत तिचे समर्थक होते तसे विरोधकही. मा जिएनने अब्दुहूंच्या ‘रिसालत अत्-तौहीद’चे चिनी भाषांतर केले, ते १९३४ साली शांघायमध्ये निघाले. त्याच वर्षी चीनमधील इस्लामच्या इतिहासावर त्याचे छोटे अरबी पुस्तक कैरोत आले. आणि त्यानंतर ‘लुन यू’.

या तीन पुस्तकांची दिशा पाहावी. पहिले अरबीतून चिनीत जाते, दुसरे चिनी मुसलमानांची ओळख अरबांना करून देते. तिसऱ्यात मुसलमान विषयच नाही. तिथे मा जिएन मुसलमानांच्या वतीने बोलत नाही. चीनच्या वतीने बोलतो. लिऊ झीने इस्लाम कन्फ्यूशियसच्या भाषेत नेला. मा जिएनने कन्फ्यूशियसला कुराणाच्या भाषेत आणले. या उलट्या फेरीला आमच्या मते फार महत्त्व आहे. लहान समूहाने मोठ्या समूहाला सतत आपली ओळख पटवून द्यायची, ही जगाची रीत. आपल्या बहुसंख्य शेजाऱ्यांच्या ग्रंथाला मीच जगापुढे नेतो, असे म्हणायला वेगळा आत्मविश्वास लागतो.

काम किती अवघड होते, याची कल्पना मराठीवरून येईल. ‘लुन यू’मधली मध्यवर्ती संज्ञा ‘रेन’. तिला मराठीत काय म्हणावे? ‘करुणा’ म्हटले की बुद्ध येतो, ‘दया’ म्हटले की वरून खाली पाहणे येते. ‘माणुसकी’ जवळ जाते, पण साधनेचा अर्थ निसटतो. दुसरी संज्ञा ‘ली’. ‘विधी’ म्हणावे तर पूजा आठवते, ‘शिष्टाचार’ म्हणावे तर फार हलके होते. ‘मर्यादा’ कदाचित चालेल. अरबीत तर याहून बिकट पेच. कर्मकांडासाठीचा प्रत्येक अरबी शब्द एकेश्वराच्या उपासनेशी बांधलेला. कन्फ्यूशियस पितरांच्या विधींविषयी आदराने बोलतो, देवादिकांविषयी मोजके बोलतो. त्याला पैगंबर म्हणता येत नाही आणि मूर्तिपूजक म्हणून बाजूलाही सारता येत नाही. अझरमधल्या वाचकापुढे त्याला कोणत्या आसनावर बसवायचे? मा जिएनने त्याला त्याच्या स्वतःच्या आसनावर, गुरूच्या आसनावर बसवले. पुस्तकाच्या अरबी नावात शब्द आहे ‘हिवार’, म्हणजे संवाद. धर्मग्रंथ नव्हे, शास्त्र नव्हे, संवाद. निवड साधी आहे आणि अचूक आहे.

अझरनंतर मा जिएनने कैरोच्याच दार अल-उलूम या संस्थेत शिक्षण घेतले आणि १९३९ साली तो मायदेशी परतला. त्याच वर्षी अझरच्या चिनी विद्यार्थ्यांचे एक पथक हजला गेले. जपानने पाठवलेल्या चिनी मुसलमानांच्या पथकाचा प्रचार खोडून काढणे हा त्यामागचा एक हेतू होता. मक्केच्या यात्रेतही विद्यार्थ्यांना आपले राष्ट्र बरोबर न्यावे लागले, असा तो काळ.

परतल्यावर त्याने आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले: संपूर्ण कुराणाचे आधुनिक बोली चिनीत भाषांतर. १९४६ साली तो पेकिंग विद्यापीठात अरबीचा प्राध्यापक झाला. ज्या पौर्वात्य भाषा विभागात तो आला, त्याचे प्रमुख होते जी शिआनलिन. संस्कृतचे हे पंडित. पुढे त्यांनी वाल्मीकीरामायणाचे संपूर्ण चिनी भाषांतर केले आणि भारत सरकारने २००८ साली त्यांना पद्मभूषण दिले. एकाच विभागाच्या छताखाली एक जण रामायणाचा आणि दुसरा कुराणाचा भाषांतरकार! आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांची आजची अवस्था पाहणाऱ्याला याचा थोडा हेवा वाटला तर नवल नाही.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. कुराणाच्या तीस भागांपैकी पहिल्या आठ भागांचे भाषांतर १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सत्ता बदलली. मा जिएनला नव्या राजवटीत मान होता. राजकीय सल्लागार परिषदेत त्याला स्थान मिळाले, राष्ट्रीय नेत्यांचा अरबी दुभाषी म्हणून त्याने काम केले. १९५१ साली त्याने वृत्तपत्रात लेख लिहून, इस्लाम तलवारीच्या जोरावर पसरला या रूढ समजाला उत्तर दिले. विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, अरबी-चिनी कोशाच्या कामाला दिशा दिली. तो कोश १९६६ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या तोंडावर निघाला. दुभाषाची गरज राज्याला होती. कुराणाच्या भाषांतरकाराची नव्हती. उरलेल्या बावीस भागांना वाचकापर्यंत पोहोचायला तीन दशके लागली. मा जिएनचे निधन १९७८ साली झाले आणि संपूर्ण भाषांतर १९८१ साली प्रसिद्ध झाले. ते पूर्ण छापलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. आज चिनी भाषेत सर्वांत अधिक वाचले जाणारे कुराणाचे भाषांतर हेच आहे.

मधल्या काळात त्याच्या गावाचे काय झाले? सांस्कृतिक क्रांतीत मशिदी बंद झाल्या. शादिएनच्या लोकांनी त्या पुन्हा उघडण्याचा आग्रह धरला, संघर्ष वाढला, आणि १९७५ च्या उन्हाळ्यात सैन्याने गावावर तोफा चालवल्या. शादिएन आणि आसपासच्या गावांत मिळून दीड हजाराहून अधिक माणसे मारली गेली. १९७९ साली सरकारने ही कारवाई चूक असल्याचे मान्य केले. मा जिएन तोवर गेला होता. राजधानीत बसून अरबी शिकवणाऱ्या या वृद्ध प्राध्यापकाच्या मनात ती तीन वर्षे काय असेल, याविषयी कल्पना लढवण्याचा मोह आम्ही आवरतो. एवढेच म्हणतो, की दोन भाषांमधला पूल बांधणाऱ्याचे घर बहुधा पुराच्या वाटेतच असते.

गाव पुन्हा उभे राहिले. अरबी घाटाचे हिरवे घुमट आणि उंच मिनार असलेली भव्य मशीद तिथे बांधली गेली. चीनमध्ये धर्मांचे ‘चिनीकरण’ करण्याचे अधिकृत धोरण आल्यावर देशभरातल्या अशा मशिदींचे घुमट उतरवण्यात आले, आणि २०२४ पर्यंत शादिएनच्या मशिदीचेही घुमट जाऊन तिथे चिनी पद्धतीची छपरे आली.

इथे प्रश्न स्थापत्याचा नाही. चिनी छपराची मशीद ही काही नवी गोष्ट नाही. शिआनची प्रसिद्ध मशीद बाहेरून पाहिली तर मंदिरासारखीच दिसते. हुई लोकांनी शतकानुशतके स्वखुशीने अशाच मशिदी बांधल्या. लिऊ झीने इस्लामला चिनी पेहराव दिला, त्याला कुणी हुकूम दिला नव्हता. मग फरक काय? आमच्या मते भाषांतराच्या सगळ्या चर्चेचे मर्म या फरकात आहे. स्वतःचे भाषांतर स्वतः करणे आणि दुसऱ्याने फर्मान काढून आपले भाषांतर करणे, या दोन गोष्टींचे बाह्यरूप एकच असू शकते. छप्पर तेच, कमान तीच. पहिलीत माणूस आपल्या भाषेत भर घालतो; दुसरीत त्याच्या तोंडची भाषा काढून घेतली जाते.

आणि हा प्रश्न चीनपुरता नाही. शेख महंमदांच्या ओव्या वर्गात शिकवताना ‘बघा, ते आपल्यासारखेच बोलले’ असे कौतुकाने म्हणण्याची आपल्याला सवय आहे. त्या कौतुकात कधीकधी एक अटही लपलेली असते: आपल्यासारखे बोलाल तरच आपले. मा जिएनने १९३५ साली कैरोत जे केले त्याकडे पाहिल्यावर ही अट आम्हांला टोचू लागली. त्याने शेजाऱ्याचा ग्रंथ आपल्या पवित्र भाषेत नेला, आणि बदल्यात आपला पवित्र ग्रंथ शेजाऱ्याच्या भाषेत आणला. देणे आणि घेणे दोन्हीकडून झाले. त्यापैकी पहिले काम त्याने विद्यार्थिदशेत पुरे केले. दुसऱ्याला उरलेले सगळे आयुष्य लागले आणि तेही पुरले नाही.

भाषांतराच्या तासाला पुढच्या वर्षी आम्ही ‘रेन’ आणि ‘ली’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिणार आहोत. विद्यार्थ्यांनी त्यांना मराठी प्रतिशब्द शोधावेत. सापडणार नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. पण शोधताना ‘माणुसकी’ आणि ‘मर्यादा’ या आपल्याच शब्दांकडे ते थोडे थांबून पाहतील. अझरमधल्या त्या विद्यार्थ्याकडून एवढे घेता आले तरी पुष्कळ झाले.